एका वाडग्याचा धंदा : जपानी रामेनच्या दुकानात शिरण्यापूर्वी

आपले काही व्यापारी बंधू मालाच्या खरेदीसाठी जपानला जातात. काहींची मुले तेथे नोकरीला किंवा शिक्षणाला आहेत. परत आल्यावर ते रामेनच्या दुकानाची हकीकत हमखास सांगतात. बाहेर माणसांची रांग, आत दहा-बारा खुर्च्या, गरम वाफाळता वाडगा आणि पंधरा-वीस मिनिटांत जेवून गिऱ्हाईक बाहेर! मग दोन प्रश्न निघतात. एक, हे आपल्याला खाता येते का? दुसरा, एवढ्याशा जागेत हा धंदा चालतो तरी कसा? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, असे आम्हाला वाटते. ती म्हणजे वाडग्यात नेमके काय आहे याची माहिती. ती खाणाऱ्याला हवी आणि विकणाऱ्यालाही हवी.

रामेन म्हणजे काय?

रामेन म्हणजे गव्हाच्या शेवया घातलेला गरम रस्सा. मूळ पदार्थ चीनचा. १९१० साली ओझाकी कानइची नावाच्या गृहस्थाने टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे दुकान काढले आणि त्यासाठी योकोहामाहून चिनी आचारी आणले. सामान्य माणसाला परवडणाऱ्या रामेनच्या दुकानांची परंपरा तेथपासून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेचा गहू येत होता. त्या दिवसांत हातगाड्यांवर रामेन विकून अनेकांनी घर चालवले. १९५८ साली आंदो मोमोफुकू यांनी गरम पाण्यात शिजणाऱ्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. आज आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात लटकणाऱ्या नूडल्सच्या पाकिटांचे मूळ तेथे आहे.

दुकानातला वाडगा मात्र पाकिटातला नव्हे. त्याचे पाच भाग असतात. पहिला रस्सा, म्हणजे हाडे, कोंबडी, सुके मासे, समुद्री शेवाळ यांचा तासन्‌तास काढलेला अर्क. दुसरा ‘तारे’, म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायचा खारट मसाला. तो सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनचा असतो. तिसरे सुवासिक तेल किंवा चरबी. चौथ्या शेवया. पाचवे वर मांडायचे जिन्नस : मांसाचे काप, अंडे, कांद्याची पात, बांबूचे कोंब, शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा.

शेवयांच्या पिठात ‘कानसुई’ नावाचे खारे द्रव्य मिसळतात. आपल्या पापडखाराच्याच जातीचे ते आहे. त्यामुळे शेवयांना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो, गरम रश्शात त्या लगेच लगदा होत नाहीत. रश्शाचे तंत्रही आपल्याला परके नाही. रात्रभर मंद आचेवर पाया ठेवणाऱ्या आपल्या भटारखान्यातल्या कारागिराला ते चटकन कळेल. हाडे आणि कूर्चा उकळून त्यातला चिकट अंश रश्शात उतरवायचा, एवढेच ते आहे. फरक हाडे कोणाची यात आहे, आणि आपल्यासाठी तोच मोठा फरक आहे.

हलालचा प्रश्न

येथे आम्ही स्पष्ट लिहितो. सर्वसाधारण रामेनच्या दुकानातला वाडगा मुसलमानाला चालणारा नसतो. फुकुओका भागातले प्रसिद्ध पांढरट ‘तोनकोत्सु’ रामेन तर डुकराच्या हाडांचेच असते. त्या शब्दाचा अर्थच तो आहे. वर ठेवलेले ‘चाशू’ हे बहुधा डुकराचे मांस असते. अनेकांचा समज असा की सोया सॉसचे किंवा मिसोचे रामेन मागितले की सुटलो. तसे नाही. सोया आणि मिसो हे मसाल्याचे नाव झाले, रश्शाचे नाही. खालच्या रश्शात डुकराची आणि कोंबडीची हाडे एकत्र असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मसाल्यात ‘मिरिन’ आणि ‘साके’ ही मद्ये पडतात. तेलाच्या जागी डुकराची चरबी असू शकते. बरोबर मिळणाऱ्या ‘ग्योझा’ या करंज्यांच्या सारणातही बहुधा तेच मांस असते.

म्हणून ‘वरचे मांस काढून द्या’ म्हटल्याने काम होत नाही. प्रश्न रश्शाचा विचारायचा. ‘बुतानिकु’ म्हणजे डुकराचे मांस, ‘तोरी’ म्हणजे कोंबडी, ‘रादो’ म्हणजे डुकराची चरबी. एवढे तीन शब्द आणि ‘सूप’ हा शब्द पाठ असला तरी पुष्कळ उपयोग होतो. काही दुकानांवर ‘पोर्कविरहित’ अशी पाटी असते. ती प्रामाणिक असते, पण तिचा अर्थ हलाल असा होत नाही. कोंबडी जबीहा असेलच असे नाही आणि मसाल्यात मद्य असू शकते. शाकाहारी रामेनचेही तेच. मांस नसले तरी मिरिन आहे का, हे विचारावे लागते.

आता चांगली बाजू. जपानमध्ये हलाल रामेनची दुकाने निघाली आहेत आणि आसाकुसासारख्या भागात ती पर्यटकांना माहीत आहेत. ती रस्सा कोंबडीच्या हाडांचा काढतात. बराच वेळ जोरात उकळला की तोही दाट आणि पांढरा होतो. त्याला ‘तोरी पाइतान’ म्हणतात. या दुकानांमागे व्यापाराचे सरळ कारण आहे. जुलै २०१३ पासून जपानने मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसाची अट काढली. इंडोनेशियाच्या नोंदणी केलेल्या ई-पासपोर्टधारकांना २०१४ च्या डिसेंबरात तशीच सवलत मिळाली. गिऱ्हाईक दारात आले, पण खाऊ शकत नव्हते. ज्याने ही अडचण ओळखली, कच्चा माल बदलला आणि पाटी खरी ठेवली, त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले.

जपानमध्ये मुस्लिम व्यापाऱ्याचा वावर नवा नाही, हेही लक्षात असू द्यावे. कोबे शहरातली मशीद १९३५ साली उघडली. ती जपानमधली पहिली मशीद, आणि तिच्या उभारणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता. परक्या शहरात हलाल अन्नाची चौकशी करायची झाली तर मशिदीपासून सुरुवात करावी, हा जुना नियम तेथेही उपयोगी पडतो.

आत गेल्यावर

दुकानाच्या दारावर ‘नोरेन’ नावाचा कापडी पडदा असतो. पडदा बाहेर लावलेला म्हणजे दुकान चालू, काढलेला म्हणजे बंद. काही ठिकाणी रस्सा संपला की वेळेआधीच पडदा उतरतो. उरलेल्या रश्शात पाणी ओतून आणखी दहा वाडगे विकण्यापेक्षा उद्याच्या गिऱ्हाइकाचा विश्वास मोठा, हा त्यामागचा विचार आहे.

बऱ्याच दुकानांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, तिकीट घेऊन फळीसमोर बसायचे आणि तिकीट कारागिराला द्यायचे. जेवण आधी नाही, पैसे आधी! उधारी नाही, हिशेबाची घाई नाही, सुट्ट्या पैशांचा वाद नाही. ज्याच्या हातात शेवया आहेत त्याला नोटांना हात लावावा लागत नाही, आणि एका माणसाचा पगारही वाचतो.

काही दुकानांत शेवया किती कडक हव्यात ते विचारतात. ‘काता’ म्हणजे कडक. पाणी फुकट असते, बहुधा आपणच ओतून घ्यायचे. वाडगा आला की गप्पा थांबवून खायला लागावे, कारण शेवया रश्शात फुगत जातात. सुर्र असा आवाज करून शेवया ओढणे तेथे असभ्य मानत नाहीत. दोघांनी मिळून एक वाडगा घेऊन दोन खुर्च्या अडवणे मात्र बरे दिसत नाही. खाणे झाले की वाडगा समोरच्या फळीवर ठेवावा, ‘गोचिसोसामा’ म्हणजे ‘जेवण झाले, आभार’ असे म्हणावे आणि उठावे. बक्षिसी द्यायची नसते.

खुर्चीचा हिशेब

हे सगळे नियम शिष्टाचाराचे वाटतात, पण त्यांच्या पोटात गल्ल्याचा हिशेब आहे. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. दुकानात १० खुर्च्या आहेत आणि दुपारची गर्दी २ तासांची आहे. गिऱ्हाईक २० मिनिटांत उठले तर एका खुर्चीवर ६ माणसे जेवतात, म्हणजे ६० वाडगे. तेच गिऱ्हाईक ४० मिनिटे बसले तर ३० वाडगे. भाडे तेच, गॅस तोच, मजुरी तीच, विक्री निम्मी.

फुकुओकातल्या नागाहामा मासळीबाजाराची गोष्ट याच हिशेबाची आहे. तेथल्या कामगारांना वेळ नसे. म्हणून शेवया बारीक केल्या, त्या लवकर शिजू लागल्या. पण बारीक शेवया रश्शात लवकर मऊही पडतात. त्यावर तोड निघाली : आधी थोड्या शेवया द्यायच्या आणि उरलेल्या रश्शात हव्या तर पुन्हा ताज्या शेवया घालायच्या. याला ‘काएदामा’ म्हणतात. गिऱ्हाइकाची अडचण पाहून मालाची घडण बदलली आणि तीच त्या गावाची ओळख झाली.

हजार येनची भिंत

एवढे व्यवस्थित असूनही हा धंदा आज अडचणीत आहे. वाचकांनी यावर अधिक लक्ष द्यावे. रामेन हे गरिबाचे खाणे, तेव्हा वाडगा हजार येनच्या आतच हवा, अशी जपानी गिऱ्हाइकाची धारणा वर्षानुवर्षे राहिली. तिला तेथे ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. इकडे २०२२ नंतर गहू, गॅस, वीज महागले आणि येन घसरला. जपानला लागणारा बहुतेक गहू परदेशातून येतो, त्यामुळे घाव थेट बसला. हॉटेलधंद्यात कच्चा माल विक्रीच्या सुमारे ३० टक्क्यांत बसवावा असा जपानी ठोकताळा आहे. तो पाळणे अवघड झाले. त्यातच ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा आल्या. जुनी तिकीट-यंत्रे त्या नोटा घेईनात. ज्या यंत्राने मजुरी वाचवली होती त्याच यंत्राच्या दुरुस्तीचा किंवा बदलीचा खर्च अंगावर आला.

तेईकोकू डेटाबँक या जपानी संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये रामेनच्या ७२ धंद्यांनी दिवाळे काढले. आधीच्या वर्षी हा आकडा ५३ होता. ही फक्त एक कोटी येन किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्यांची संख्या आहे. रस्सा बिघडला म्हणून ही दुकाने बुडाली असे म्हणता येणार नाही. खर्च वाढत असताना भाव वाढवायचा धीर झाला नाही, किंवा वाढवला तर गिऱ्हाईक तुटले, अशा कात्रीत अनेक दुकाने सापडली. ज्याला आपल्या वाडग्याचा खर्च पैशापर्यंत माहीत होता त्याला निदान वेळेवर निर्णय घेता आला. ज्याने ‘शेजारचा एवढ्याला विकतो’ म्हणून भाव लावला, त्याला तोटा कळेपर्यंत उशीर झाला. आपल्याकडे बेकरीवाला, खाटीक, शिंपी, फर्निचरवाला यांतले किती जण एका नगाचा खरा खर्च कागदावर मांडतात? आम्ही हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. संध्याकाळी गल्ला भरलेला दिसतो, म्हणून हा हिशेब राहून जातो.

उस्ताद आणि शागीर्द

शेवटी एका कारागिराविषयी. यामागिशी काझुओ यांनी १९६१ साली टोकियोच्या हिगाशी-इकेबुकुरो भागात ‘ताइशोकेन’ हे दुकान काढले. त्याआधी नाकानोच्या दुकानात असताना, १९५५ साली त्यांनी शेवया आणि रस्सा वेगवेगळ्या भांड्यांत देण्याचा प्रकार विक्रीला आणला. दुकानातले कामगार उरलेल्या शेवया रश्शात बुडवून खात, त्यावरून ही कल्पना निघाली. आज ‘त्सुकेमेन’ नावाने तो पदार्थ जपानभर चालतो. यामागिशींनी आपली कृती कुलुपात ठेवली नाही. शंभराहून अधिक शागीर्द त्यांच्या हाताखाली शिकले आणि अनेकांनी त्याच नावाचा पडदा आपल्या दारावर लावला. जुनी इमारत पाडली जाणार म्हणून २००७ साली मूळ दुकान बंद झाले, तेव्हा लोकांनी लांबच लांब रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी जवळच ते पुन्हा सुरू झाले. २०१५ साली यामागिशी वारले, पण त्यांचा हुन्नर शंभर दुकानांत वाटला गेला होता.

आपल्या कारागिरांत ‘हुन्नर बाहेर गेला तर रोजी जाईल’ ही भीती मोठी आहे. या भीतीपायी कित्येक कसब बापाबरोबर कबरीत गेले. रामेनचा वाडगा आपण खाऊ किंवा न खाऊ, तो हलाल आहे का हे विचारल्याशिवाय तर नाहीच खाणार. पण आपल्या मालात काय आहे हे गिऱ्हाइकाला खरे सांगणे, त्यावर काय खर्च होतो हे स्वतःला खरे सांगणे, आणि तो कसा करायचा हे शागिर्दाला खरे शिकवणे, या तीन गोष्टी त्या दहा खुर्च्यांच्या दुकानातून बिनदिक्कत उचलण्यासारख्या आहेत. त्यांना ना भांडवल लागते, ना मोठी जागा. सुरुवात म्हणून या आठवड्यात आपल्या एकाच नगाचा पूर्ण खर्च वहीत मांडून पाहावा.