हात अनेक, सही एकही नाही

मनमाडहून निघून नांदेड, निझामाबाद करत सिकंदराबाद गाठणाऱ्या गाडीचं नाव अजिंठा एक्स्प्रेस. नाव अगदी चपखल आहे. १९४८ पर्यंत अजिंठा हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथल्या भिंतींची काळजी हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांतून वाहिली जायची. म्हणून सिकंदराबादला उतरलात तर थेट हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधलं राज्य पुरातत्त्व संग्रहालय गाठा. बहुतेक लोक तिथे इजिप्तची ममी पाहायला जातात. ती पाहाच, पण नंतर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींचं दालन चुकवू नका. निनावी चित्रकारांनी मिळून केलेल्या कामाचं याहून सुरस प्रकरण मला माहीत नाही.

लेणी कोरवून घेणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळाव्या लेण्यात शिलालेखच कोरून ठेवला. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचं नाव आहे. पद्मपाणी बोधिसत्त्वाचे झुकते डोळे रंगवणारा मात्र कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. एकाच लेण्यात अभ्यासकांना वेगवेगळ्या हातांच्या लकबी दिसतात. कुणाची रेघ सफाईदार, कुणाची जाडीभरडी. नाव नसलं तरी हात ओळखता येतो, हीच तर यातली मौज!

सामान म्हणाल तर साधंच. दगडावर माती, साळीचं तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात. पिवळी आणि तांबडी गेरू, काजळी, हिरवी माती, सगळं सहज मिळण्यासारखं. अपवाद एकट्या निळ्याचा. तो लाजवर्द दगड अफगाणिस्तानातून यायचा. दीड हजार वर्षांपूर्वी वाघुर नदीच्या काठी अफगाण निळा!

आता अजिंठ्यावर स्वतःचं नाव घालणारा पहिला गाजलेला माणूस पाहा. जॉन स्मिथ, मद्रासच्या फौजेतला घोडदळाचा अधिकारी. २८ एप्रिल १८१९ रोजी तो दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने चक्क बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा राडारोडा साचलेला होता. त्या ढिगावर उभं राहून त्याने हा उद्योग केला, म्हणून ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर दिसतात. ज्यांनी भिंत रंगवली त्यांनी सही केली नाही, आणि शिकारीला आलेल्याने केली. मला त्याचा आजही राग येतो.

मग सुरू झाला नकलांचा सिलसिला. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून जवळपास दोन दशकं प्रती काढल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक खाक झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून कामाला लागले. त्यांच्या कितीतरी प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जपानी चित्रकारांनी नेलेल्या नकला १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या. दोन आगी आणि एक भूकंप! मूळ भिंती मात्र टिकून आहेत.

ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दोन खंडांत निघाला आणि त्यांचं नाव जगभर झालं. लेण्यांत वाकून रेघा ओढणाऱ्या मुंबईच्या पोरांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखे थोडेच पुढे ओळखले गेले. चौदाशे वर्षांनी त्याच लेण्यांत पुन्हा तेच घडलं. ही नावं संग्रहालयांनी आता ठळक लिहायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ दरम्यान प्रती काढल्या तेव्हा मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आले, तर हैदराबादहून सय्यद अहमद. नंदलालबाबूंनी पुढे शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांसह भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत सजवली. सय्यद अहमद अजिंठ्याचेच झाले. निझाम सरकारच्या वतीने त्यांनी तिथली देखरेख सांभाळली आणि आयुष्यभर प्रती काढल्या. संग्रहालयाच्या त्या दालनासमोर उभं राहिलात की हे नाव आठवा.

दख्खनच्या लघुचित्रांत तर याहून गंमत. विजापूरच्या एका थोर चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही, त्याची मैनेशी बोलणारी योगिनी आयर्लंडमध्ये डब्लिनला आहे, म्हणून अभ्यासक त्याला ‘डब्लिन पेंटर’ म्हणतात. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयावरून दुसऱ्याचं नाव पडलं ‘बोडलियन पेंटर’. विजापूरच्या दरबारात दोघांनाही या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मान वळवली नसती.

सिकंदराबादहून शंभरेक किलोमीटरच्या आत चेरियाल आहे. तिथली नकाशी घराणी खादीच्या कापडाला चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती लावून, लालभडक पार्श्वभूमीवर अख्खं पुराण रंगवतात. रेखाटन एकाचं, रंग भरायला घरातल्या बायामाणसांचे हात. पट लांबच लांब असतो. गावोगावचे कथेकरी तो उलगडत गोष्ट सांगतात. प्रत्येक जातीचं पुराण वेगळं, पद्मशाली विणकरांचं मार्कंडेयाचं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको! आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथ्याही अशाच, जुन्या पानांवर चित्रकाराचा पत्ता नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ पासून निनावी चित्रांचा हाच प्रकार मुद्दाम खेळात आणला. नामवंत आणि विद्यार्थी, सगळ्यांनी पोस्टकार्डावर चित्र काढायचं, सही मागे करायची. किंमत सरसकट एकच, आणि चित्रकार कोण ते विकत घेतल्यावरच कळायचं. लोक त्यासाठी रांगा लावत. आपल्या कलादालनांनी हा खेळ जरूर करून पाहावा, चित्राकडे नीट बघण्याची सवय लागेल.

तिकीट काढण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: दख्खनी लघुचित्रं असलेलं हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. चेरियालला मात्र थेट कारागिरांच्या घरी जावं, तिथे पट खाली अंथरून दाखवतात.