समुद्रावरील पहिला धडा कोठें घ्यावा?

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या गांवापासून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर आहे, त्या गांवांत बसून मीं लाटांविषयीं बोलावें, याचें कित्येकांना हसूं येईल. छत्रपति संभाजीनगरांतील माझ्या पिढीचें पोहणें म्हणजे विहिरींतलें. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून वडील माणूस वरून ढकलून देई, आणि दोन-चार घोट पाणी पोटांत गेलें कीं मूल हातपाय मारूं लागे. पैठणचा नाथसागर केवढा थोरला! पण तेंहि धरणानें अडविलेलें पाणी. त्याला भरती नाहीं, ओहोटी नाहीं. अशा घरांतला माझा नातू गेल्या दिवाळींत मला विचारूं लागला, "आजोबा, मला सर्फिंग शिकायचें आहे. पहिल्या खेपेस कोठें जाऊं?" त्याच्या फोनवर बाली बेटांतील उलुवाटू येथील चित्र होतें. निळी, कांचेसारखी लाट, आणि तिच्या पोकळींतून सुसाट निघालेला एक तरुण. सूनबाई स्वयंपाकघरांतूनच म्हणाल्या, "बाबा, त्याला भरीला घालूं नका."

माझें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. परंतु शाळेंत भूगोल मात्र मीं बत्तीस वर्षें शिकविला. मुलाला 'जा' म्हणावें कीं आईला 'तुमचेंच खरें' म्हणावें, हें ठरविण्यापूर्वीं मीं थोडा अभ्यास केला. तोच आज आपणांपुढें मांडतों.

सर्फिंग म्हणजे फळीवर उभें राहून फुटत्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणें. याला 'तरंगारोहण' असा शब्द कोणी सुचवील. पण तो उच्चारीपर्यंत लाट निघून जाईल, म्हणून मी रूढ शब्दच वापरतों. हा खेळ पॅसिफिक महासागरांतील बेटांचा. हवाई बेटांवर राजघराण्यांतील स्त्रीपुरुषहि तो खेळत. होनोलुलूचा ड्यूक कहानामोकू हा १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविणारा वीर. त्यानें पुढें या खेळाची प्रात्यक्षिकें ऑस्ट्रेलियांत करून दाखविलीं. टोकियो येथील २०२० च्या ऑलिंपिकमध्यें, जें प्रत्यक्षांत २०२१ सालीं भरलें, सर्फिंगला प्रथम स्थान मिळालें. आपल्याकडेहि आतां तो रुजला आहे. २०२५ च्या ऑगस्टांत महाबलिपुरम येथें आशियाई स्पर्धा झाल्या, आणि केरळांतील कोवळमच्या समुद्रावर तयार झालेल्या रमेश बुदिहाळ यानें तेथें कांस्यपदक मिळविलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लाट म्हणजे दुरून वाहत येणारें पाणी, असा आपला समज असतो. खोल समुद्रांत तसें नसतें. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला म्हणजे लाट बांधापर्यंत धांवतांना दिसते, पण ताटें जागच्या जागीं डोलतात. समुद्रांतील पाण्याचें तसेंच आहे. ही धांव किनाऱ्याजवळच्या उथळ तळाला अडखळली कीं लाटेचा पाय मागें राहतो, डोकें पुढें जातें, आणि ती कोसळते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली म्हणजे हें घडतें. तीन फुटांची लाट चार फूट पाण्याच्या आंतबाहेर फुटते. म्हणजे लाट कशी फुटणार हें तळ ठरवितो. तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा असेल, तर लाट माथ्यावरून फेसाळत, सावकाश मोडते. तळ पोवळ्याच्या खडकाचा आणि एकदम उंचावणारा असेल, तर लाट कमान करून एका तडाख्यांत आदळते. चित्रांतली ती सुंदर पोकळी या दुसऱ्या जातीची. तिच्याखालीं हात-दोन हात पाण्यांत धारदार खडक असतो. मीं नातवाला म्हटलें, "चित्रांत वरची लाट दिसते, खालचा खडक दिसत नाहीं. नवशिका पहिल्या दिवशीं पन्नास वेळां पडणार. तेव्हां कशावर पडणार, हें आधीं विचार." उलुवाटू तेवढ्यानें बाद झालें. बालींतच कुटा येथें वाळूचा किनारा आहे व पुष्कळ लोक तेथें पहिला धडा घेतात, हेंहि सांगितलें पाहिजे.

वाळू असली म्हणजे झालें काय? नाहीं, आणि येथें मला स्वतःची एक चूक सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मीं शाळेची सहल कोंकणांत नेली होती. किनारा वाळूचा, स्वच्छ. लाटा फुटत होत्या, फेस उसळत होता. मध्येंच दहा-पंधरा हात रुंदीचा एक पट्टा मात्र शांत, जरा काळसर. मीं मोठ्या शहाणपणानें मुलांना सांगितलें, "तिकडे उतरा, तेथें लाटा नाहींत." पांच मिनिटांत एक मुलगा किनाऱ्यापासून दूर जाऊं लागला. तो विहिरींत पट्टीचा पोहणारा. पण किनाऱ्याकडे जितके हात मारी, तितका मागें जाई. जाळें विणीत बसलेला एक कोळी उठला, धांवत गेला, आणि तिरपा पोहत त्या मुलाला घेऊन बाजूच्या फेसाळ लाटांतून बाहेर आला. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. शांत दिसलें तेंच पाणी घातकी होतें. लाटांनीं किनाऱ्यावर ढकललेलें पाणी परत जातांना अरुंद वाट धरतें. तेथें तळ खोल असतो, म्हणून लाट फुटत नाहीं, म्हणून पृष्ठभाग शांत दिसतो. ज्या शिक्षकानें खारे वारे व मतलई वारे यांच्या आकृत्या वर्षानुवर्षें फळ्यावर काढल्या, त्याला हें ठाऊक नव्हतें.

अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊं नये. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावें आणि मग लाटांबरोबर परत यावें. सर्फिंग करणाऱ्याला एक आधार अधिक असतो. त्याची फळी तरंगणारी व पायाला दोरीनें बांधलेली असते. ती त्यानें केव्हांहि सोडूं नये, हात वर करून मदत मागावी. परंतु हें सारें आयत्या वेळीं आठवेल, या भरंवशावर मुलाला कोणी पाठवूं नये. म्हणून माझी दुसरी अट अशी कीं, जागा निवडतांना लाटेची कीर्ति न पाहतां पाण्याजवळचा माणूस पाहावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचें गांव म्हणून आपल्या पैठणचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत असेंहि आहे कीं, भडोचच्या खाडींत नवख्यांचीं जहाजें बुडत, म्हणून राजाच्या चाकरींतले तेथले कोळी होड्या घेऊन पुढें जात आणि आलेलें जहाज वाट दाखवून आंत आणीत. दोन हजार वर्षांपूर्वींच्या मुरलेल्या खलाशांना जें लागलें, तें आमच्या पोरांना नको काय?

तिसरी गोष्ट महिन्याची, आणि माझ्या मतें ती स्थळाच्याहि आधीं ठरवावी. आपला पश्चिम किनारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत नवशिक्यासाठीं बंद समजावा. १ जून ते ३१ जुलै या काळांत तेथें यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाहि सरकारी बंदी असते; ज्या पाण्यांत कोळी होडी घालीत नाहीं, त्यांत आपण फळी घालूं नये. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लाट लहान, नियमित, कमरेएवढी किंवा त्याहूनहि कमी. मुरलेले लोक या लाटेला नाकें मुरडतात. शिकणाऱ्याला तीच हवी. सकाळीं जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तो लाटेला समोरून थोपवून तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारीं खारा वारा सुटला कीं पाणी विसकटतें. म्हणून धडा सकाळचा.

आपल्या घरांत सुटी म्हणजे मे महिना, आणि अडचण नेमकी तेथेंच आहे. त्या सुमारास दक्षिण हिंदी महासागरांत, हजारों किलोमीटर दूर, वादळें होतात; त्यांची लाट कांहीं दिवसांनीं आपल्या किनाऱ्यावर येते, आणि तीहि आकाश निरभ्र, वारा पडलेला असतांना. केरळांतले मच्छीमार तिला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. तिची पूर्वसूचना भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळते, आणि हें केंद्र आहे हैदराबादेस. आमच्या मराठवाड्याची जुनी राजधानी तीच. समुद्र तिलाहि दूर, तरी समुद्राची खबर तिच्याकडूनच यावी, याची मला मोठी गंमत वाटते. मे महिन्यांत जाणें भागच असेल, तर ही सूचना रोज पाहावी. मंगळुराजवळील ससिहित्लू येथें २०१६ सालीं सर्फिंगची अखिल भारतीय खुली स्पर्धा झाली, तीहि मेअखेरीसच, कारण तेव्हां लाट मोठी मिळते. स्पर्धेचा मोसम तो नवशिक्याचा नव्हे.

आतां स्थळें. उत्तर गोव्यांत अश्वें आणि मांद्रें हे किनारे वाळूचे व उताराला सौम्य आहेत, शिकविणारे आहेत, आणि गोव्यांत २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्यें पोहावें, नुसतें लाल निशाण असेल तेथें उतरूं नये. कोंकण रेल्वेचें थिवी स्थानक त्या बाजूस सोयीचें. त्याच रेल्वेनें पुढें गेल्यास कर्नाटकांत मुल्की लागतें. तेथें शांभवी नदीच्या मुखाशीं अमेरिकेंतून आलेले जॅक हेबनर यांनीं २००४ सालीं सर्फिंगचा आश्रम काढला. आपल्या देशांत या खेळाच्या शिक्षणाचा प्रारंभ पुष्कळसा तेथूनच झाला. केरळांत वर्कला व कोवळम आहेत. चेन्नईच्या दक्षिणेसहि एक कोवळम आहे, तेव्हां तिकीट काढतांना घोटाळा करूं नये. हें दुसरें कोवळम आणि महाबलिपुरम पूर्व किनाऱ्यावर असल्यामुळें नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांतहि तेथें शिकतां येतें. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिकडचे पावसावादळाचे महिने, ते टाळावे.

परदेशींच जायचें तर सिंहलद्वीपांतील वेलिगामा हा उपसागर मला सर्वांत योग्य वाटतो. चंद्रकोरीसारखा, वाळूचा तळ, मऊ लाट. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. त्याच बेटाचा पूर्वेकडील अरुगम बे मे ते सप्टेंबरमध्यें नांवाजलेला आहे, पण तो पहिल्या खेपेचा नव्हे. आमचें कोंकण मीं वगळलें, तें वाळू कमी म्हणून नव्हे. किनारा गोव्याइतकाच सुंदर. परंतु शिक्षक आणि जीवरक्षक दोघेहि पाण्याजवळ हमखास भेटतील, अशी सोय गोव्यांत अधिक आहे.

तेथें पोहोंचल्यावर शिक्षकाला चार प्रश्न विचारावे, असें मीं नातवाला लिहून दिलें आहे. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचें प्रमाणपत्र आहे काय? एका वेळीं किती शिष्य पाण्यांत नेतां? फळी मऊ पृष्ठाची, आठ-नऊ फुटांची आहे काय? आणि आज परतीच्या पाण्याची ओढ कोठें आहे, तें बोट करून दाखवा. चौथ्या प्रश्नावर जो हसेल, त्याच्याकडे पैसे भरूं नयेत.

सूनबाईंनीं हा कागद दोनदां वाचला. "ती ओढ मला दिसेल का हो?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "दहा मिनिटें वाळूवर उभें राहून पाहिल्यास पुष्कळदां दिसते." नाताळच्या सुटींत मांद्र्यास जायचें ठरलें आहे, पांच दिवसांसाठीं, तिघांनीं. तोंवर नातवानें रोज सकाळीं तरणतलावांत न थांबतां दोनशें मीटर पोहावें, अशी अट आहे. काल तो दीडशेंपर्यंत आला.