शेलूबाजारचे ऊन, द्रासची थंडी आणि इंजिनातले तेल

मागच्या मे महिन्यात आम्ही शेलूबाजारहून छत्रपती संभाजीनगरला एका निकाहसाठी निघालो. फजरची नमाज झाली की गाडी काढायची, असे ठरले होते. पण घरात सात माणसे, त्यांत तीन लहान मुले. निघता निघता साडेदहा वाजले. समृद्धीवर चढलो आणि सपाट रस्ता पाहून भाईजाननी गाडी शंभराच्या पुढे नेली ती तशीच ठेवली. जालन्याच्या अलीकडे समोर लाल दिवा लागला. अम्मी म्हणाल्या, "हा वजूच्या लोट्यासारखा काय दिसतो?" तो ऑइलचा दिवा होता.

भाईजाननी गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केले, एवढे एक शहाणपण आमच्याकडून झाले. पट्टी काढून पाहिली तर तेल फक्त टोकाला. मदत येईपर्यंत मुलांना ओढणीच्या सावलीत धरून बसलो. नंतर मिस्त्री म्हणाले, अजून पाच मिनिटे चालवली असती तर इंजिनकाम निघाले असते. इंजिनकाम म्हणजे आमच्या घराची सहा महिन्यांची बचत.

चूक आमचीच. तेल बदलून चौदा महिने झाले होते, आणि बदलताना कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना आम्ही हट्टाने २०डब्ल्यू-५० टाकून घेतले होते. "आपल्याकडे ऊन जास्त, जाड तेल हवे," हे आमच्याकडे सगळेच सांगतात. जुन्या जीपला ते लागू होते. नव्या इंजिनात तेलाच्या वाटा अरुंद असतात. जाड तेल तिथे सावकाश पोहोचते आणि पेट्रोलही जास्त जाते.

डब्यावरचा 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा तेल शंभर अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते सांगतो. शंभरच का? कारण चालत्या इंजिनातले तेल साधारण तेवढेच तापते, बाहेर पंचेचाळीस अंश असोत की पंचवीस. म्हणून नुसते ऊन पाहून तेलाचा आकडा बदलायचा नसतो. मात्र भरलेली गाडी, चालू एसी आणि तासन्तास एकच वेग असला की तेल आणखी तापते. दहा अंश वाढले की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. जुन्या कारंजा-मालेगाव रस्त्यावर असा वेग धरताच येत नसे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला आणि गाड्या एका दमात तीन तास पळू लागल्या. टायरबद्दल त्यानंतर खूप बोलले गेले, तेलाबद्दल फारसे नाही.

सिंथेटिक तेल इथे कामाला येते. साध्या तेलात लहानमोठे नाना प्रकारचे रेणू असतात. हलके लवकर उडून जातात, मेणासारखे थंडीत गोठतात. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे एकसारखे असतात, म्हणून ते उष्णतेत कमी उडते, कमी जळते आणि गारठ्यात वाहते राहते.

थंडीचे आमच्या खालाजानच्या मुलाला विचारा. तो कारगिलकडे ट्रक नेतो. द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. पहाटे इंजिन फिरतच नाही, म्हणून ड्रायव्हर चेंबरखाली जाळ करतात. ५डब्ल्यू तेलाची चाचणीच उणे तीस अंशांना इंजिन फिरवण्यासाठी होते, १५डब्ल्यूची उणे वीसला. नुसत्या तेलाने मात्र भागत नाही, कारण डिझेलही गोठते. म्हणून २०१९ मध्ये लडाखसाठी उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहणारे वेगळे डिझेल आणले गेले. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश. त्याला द्रासचा इलाज नको. तरी सकाळच्या पहिल्या काही क्षणांत तेल लवकर वर चढले तर इंजिनची झीज कमी होते, तेवढा फायदा इथेही आहे.

मग सगळ्यांनी महाग डबा घ्यावा का? ते साध्या तेलाच्या साधारण दुप्पट किमतीला पडते. पुस्तकात सिंथेटिक लिहिले असेल तर घ्यावेच. जुनी गाडी गावातल्या गावात फिरत असेल आणि पुस्तकाला साधे तेल चालत असेल, तर आम्हाला तो इस्राफ वाटतो. सिंथेटिक टाकले म्हणून दोन वर्षे बघायचे नाही, हा तर गैरसमजच. वर्ष किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. सोयाबीनच्या हंगामात धुळीतून फिरणाऱ्या गाडीला त्याही आधी. मोटरसायकलला कारचे तेल चुकूनही घालू नका, महाग असले तरी. तिचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलाने तो घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' पाहून घ्या. डबा सीलबंद घ्या आणि रिकामा झाला की कापून टाका. नाहीतर त्यात नकली तेल भरून तो पुन्हा विकायला येतो.

आता आमच्या गाडीत पुस्तकातलेच तेल आहे. दर जुम्म्याला सकाळी, इंजिन थंड असताना, थोरली मुलगी पट्टी काढते, फडक्याने पुसून पुन्हा बुडवते आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे की नाही ते आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "अब्बा, खालच्या खुणेला आलंय." पाव लिटर घातले, आणि मगच अकोल्याला निघालो.