मधुमेहाची औषधे आणि हृद्‌शूलाचा रुग्ण

यवतमाळ जिल्ह्यात वैद्यांकडे येणारा मधुमेहाचा रुग्ण पुष्कळदा आधीपासून ॲलोपॅथीच्या गोळ्या घेत असतो. शर्करा आणखी उतरावी म्हणून तो गुडमार, मामेजवा किंवा जांभूळबीज चूर्ण मागतो. अशा रुग्णास श्रमाने छातीत दडपण येत असेल, तर ‘साखर किती?’ याआधी ‘गोळी कोणती?’ हे विचारणे अगत्याचे आहे. शर्करा उतरविणारे प्रत्येक औषध हृदयास सारखेच मानवत नाही.

रोझिग्लिटाझोनचे उदाहरण बोलके आहे. हे औषध शर्करा उत्तम रीतीने कमी करीत असे. परंतु २००७ साली डॉ. स्टीव्हन निसेन यांनी अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले व त्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला. भारतात २०१० साली या औषधावर बंदी आली. त्याच वर्गातील पायोग्लिटाझोन शरीरात पाणी साठविते; म्हणून पायांवर सूज वा धाप असलेल्या रुग्णात ते घातक ठरू शकते.

ग्लिबेनक्लेमाइड, ग्लिमेपिराइड ही सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात. येथे खरा धोका शर्करा अतिशय उतरण्याचा असतो. शर्करा घसरली की ॲड्रिनलिन उसळते, हृदयाची गती वाढते, प्राणवायूची गरज वाढते आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या ती भागवू शकत नाहीत. परिणामी हृद्‌शूल उद्भवतो. वृद्धांत व वृक्कदौर्बल्यात ग्लिबेनक्लेमाइडचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. एकादशीचा उपवास करून किंवा न जेवता कापूस वेचणीस जाऊन नेहमीची गोळी घेणाऱ्यास हा धोका विशेष संभवतो. त्यात शर्कराहर चूर्णाची भर पडली तर तो आणखी वाढू शकतो.

हृद्‌शूलासाठी मेटोप्रोलोलसारखे औषध चालू असल्यास धडधड व कंप ही पूर्वसूचना झाकली जाते. घाम मात्र सुटतो. मधुमेहात नाड्या दुर्बल झाल्याने हृदयविकाराच्या झटक्यातही वेदना न होता केवळ घाम, धाप वा ग्लानी दिसू शकते. म्हणून अशा वेळी ग्लुकोमीटरने शर्करा तत्काळ तपासावी. ती ७० मिलिग्रॅमखाली असून रुग्ण शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे. शर्करा प्राकृत असेल, किंवा साखर देऊनही लक्षणे न ओसरल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. छातीत दडपण असल्यास शर्करा कितीही असो, थांबू नये.

हृदयास अनुकूल औषधेही आहेत. १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात स्थूल रुग्णांमध्ये मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे झटके कमी झाले. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृद्रोगी मधुमेहींतील हृदयजन्य मृत्यू घटविल्याचे सिद्ध झाले. मात्र हे औषध घेणाऱ्याने प्रदीर्घ उपवास केल्यास शर्करा फारशी न वाढताही रक्तात आम्लता वाढू शकते.

वैद्यांनी रुग्णाच्या सर्व गोळ्या पाहून त्यांची नोंद ठेवावी, चूर्ण जोडताना मूळ चिकित्सकास कळवावे आणि चालू गोळी परस्पर बंद करवू नये. औषधविक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या देऊ नयेत. छातीत दुखते असे सांगणाऱ्यास पुनश्च तपासणीस पाठवावे. शर्करा साधली पण हृदय गमावले, तर ती चिकित्सा सफल म्हणता येणार नाही.