खाडीची वाट आणि वाटेची माहिती

जलप्रवास म्हटला की रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. परंतु येथे आम्हांस समुद्राविषयी नव्हे, तर जमिनीत शिरलेल्या पाण्याविषयी काही सांगावयाचे आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर या खाड्या म्हणजे कोकणच्या जुन्या हमरस्त्याच होत. दाभोळच्या मुखातून आलेला माल वाशिष्ठीने गोवळकोटास उतरे आणि तेथून बैलगाड्यांनी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई.

सडक डोळ्यांना दिसते; पाण्यातील वाट कोणी तरी सांगावी लागते. खाडीचे पात्र वरून सपाट दिसले, तरी खाली कोठे खडप असते, कोठे रेतीचा दांडा असतो, आणि खोल पाणी कधी या काठाने तर कधी त्या काठाने जाते. शिवाय भरती-ओहोटीने ही वाट दिवसातून दोनदा उघडते व दोनदा मिटते. म्हणून तांडेलाचे पहिले ज्ञान वेळेचे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याचा तास येतो, हा आपल्याकडील प्रसिद्ध आडाखा. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चंद्र रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो आणि आडाखा ४५ मिनिटे धरतो. तेव्हा हिशेब स्थूल खरा, पण घड्याळाशिवाय चालणारा आहे. हा तास मुखाजवळचा. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. म्हणून भरती लागताच मुखातून निघावे, पाण्याबरोबर वर जावे, आणि ओहोटीबरोबर परतावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरलेला मचवा जेथून सहज जाई, तेथेच अष्टमीच्या भांगात तो रुतून बसे.

हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई, आणि त्याहून अधिक धक्क्यावर. वरून आलेला खलाशी खालून निघालेल्यास पाणी कोठे किती आहे ते सांगे. छापील साधनेही आहेत. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरात कोणत्या खाडीत किती आतवर गलबते जात याची नोंद आहे, आणि भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टके डेहराडूनहून प्रसिद्ध होतात. परंतु आतल्या वळणावर यंदा गाळ कोठे बसला, हे कोष्टक सांगत नाही. ते तेथून काल गेलेला माणूसच सांगू शकतो. वाहतूक सडकेवर गेली तेव्हा मचवे गेले, आणि त्यांच्याबरोबर हा सांगणाराही गेला. राजापूर आणि खारेपाटण ही एके काळची नामांकित बंदरे गाळानेच मागे पडली, हे आपण जाणतोच.

इतरत्र काय घडले ते पाहावे. इंग्लंडातील कालवे आगगाडी व मोटारीपुढे ओस पडू लागले होते. टॉम रोल्ट नावाचा एक अभियंता १९३९ मध्ये पत्नीसह एका अरुंद होडीत राहावयास गेला, आणि त्या प्रवासावरील त्याचे पुस्तक १९४४ साली निघाले. ते वाचून रॉबर्ट ऐकमन त्याला भेटले आणि १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्गांची एक संस्था स्थापन झाली. तिच्या छत्राखाली प्रवाशांनी कालव्यांची माहिती गोळा केली, बंद पडलेले भाग मोकळे करण्याचा आग्रह धरला, आणि १९६४ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग पुन्हा खुला झाला. अमेरिकेत तर नद्या, कालवे, मोठी सरोवरे व किनारा जोडून सुमारे ६,००० मैलांची एक प्रदक्षिणा होते. ती करणारी कुटुंबे आपली संघटना करून पुढच्यास खोली, पूल, धक्के व निवारा यांची खबर देतात. त्यांचे भांडवल एवढेच की जो पुढे गेला तो मागच्यास सांगतो.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत दाभोळ खाडी-वाशिष्ठीचा सुमारे ४५ किलोमीटरचा आणि जयगड खाडी-शास्त्रीचा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग आहे. कागदावर नाव आले. पण वाट चालती झाली असे म्हणता येत नाही. दाभोळ-धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून मोटारी नेणारी फेरीबोट आहे. ती मोठी सोय खरी, पण ती खाडी आडवी ओलांडते. खाडीतून उभी चालत नाही.

हा केवळ हौशी प्रवाशांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात जो महापूर आला, त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ हा घराघरांतील बोलण्याचा विषय झाला. नदीत रोज ये-जा करणारे लोक असते, तर गाळ कोठे व किती चढतो आहे हे वर्षानुवर्षे बोलले गेले असते. वापरातील पाण्यावर गावाचे डोळे असतात. टाकलेल्या पाण्यावर ते नसतात.

म्हणून आम्ही सुचवितो ते अगदी साधे आहे. प्रत्येक खाडीकाठच्या वाचनालयाने एक वही ठेवावी. तीत धक्के, खडपे, ओहोटीच्या वेळचे पाणी, पुलाखालची उंची, गोड्या पाण्याची जागा हे तारीखवार लिहावे. मासे धरणारे, वाळू काढणारे, होडी चालविणारे यांस विचारून लिहावे, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावे. ज्यांनी मचवे हाकले ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्यापाशी जाण्यास पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.