ताकदीची बाटली आणि गर्दची सुई

ताप उतरला तरी अंग गळून गेलेलं असतं. मग घरचे म्हणतात, "डॉक्टर, एक बाटली लावा, जरा ताकद येईल." त्यात पिवळं औषध घातलं की सगळ्यांचं समाधान. आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीला बसलो की हे आम्ही रोज ऐकतो, आणि दर वेळी तेच सांगतो. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. एका भाकरीतून याहून जास्त ताकद मिळते. पण भाकरीला कोणी दिवसाची मजुरी मोजत नाही, बाटलीला मोजतात.

शिरेतून औषध देणं वाईट नाही. ज्याला ते खरंच लागतं, त्याचा जीवच त्यावर असतो. बेशुद्ध माणूस, पोटात पाणी न टिकणारं मूल, बाळंतपणात रक्त वाहून गेलेली बाई, भाजलेला माणूस यांना गोळी गिळायला सांगून चालत नाही. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा या डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना पहिल्यांदा शिरेतून मिठाचं पाणी दिलं. तेव्हापासून या पद्धतीने किती जीव वाचले त्याला गणती नाही.

पण तोंडाने घेतलेलं औषध आधी पोटातून, यकृतातून जातं. नको ते बाहेर टाकायला शरीराला वेळ मिळतो, उलटी होते. शिरेला असा राखणदार नाही. हातात टोचलेलं मिनिटाच्या आत हृदयातून सगळ्या अंगात फिरतं. औषध चुकलं, मात्रा चुकली, सुई घाण असली, तर ते परत काढता येत नाही.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे, कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपात कालवलं आणि रोग्यांच्या आईबापांनाच पाजायला लावलं. शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, तिथे मृत्यू चारच्या खाली आले. तेच आजचं ओआरएस. सरकारी दवाखान्यात पुडी फुकट मिळते. मूल पीत असेल, शुद्धीवर असेल, तर जुलाबात पहिला मान या पाण्याचा. पिणं थांबलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा. तिथे बाटली लावतीलच.

बिनगरजेच्या सुईची किंमत पैशांपुरती नसते. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस-बी पसरला आणि अनेक माणसं दगावली. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊला एड्सच्या विषाणूची लागण झालेले कितीतरी गरीब लोक एकदम सापडले. सायकलवर फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका भोंदू डॉक्टरकडे संशयाचं बोट गेलं. म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायचं. यात डॉक्टरचा अपमान होत नाही. तो रागावला तर उठून यावं.

सुईतून ताकद येते हे मुलं घरातच शिकतात. मग जिममध्ये कोणी मेफेंटरमाइनची कुपी पुढे केली तर ती त्यांना परकी वाटत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब एकदम पडला, तर तो चढवायला हे औषध असतं. तिथे उशाशी यंत्र असतं, भूलतज्ज्ञ असतो. इथे व्यायामाचा दम वाढावा म्हणून ते थेट शिरेत जातं. पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी त्याचा चोरटा साठा पकडल्याच्या बातम्या येतात. छाती धडधडते, रक्तदाब भडकतो, काहींना भास होतात, आणि त्याचंही व्यसन लागतं.

गर्दचं तसंच. आधी पन्नीवर ओढतात. पैसे पुरेनात, नशा पुरेना, की सुईवर येतात. एक सुई तिघांत फिरते आणि तिच्याबरोबर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी फिरतो. शिरा दोरीसारख्या कडक होतात. मग मांडीच्या सांध्यात टोचणं सुरू होतं, गळू होतं, जंतू हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि सोबतचे पोलिसांच्या भीतीने पळून जातात. पळू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात यावर उतारा आहे.

हाताला गळू झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा घेऊन आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. "गर्दुल्ला आहे, थांबू दे" म्हणून तो तीन तास बाकावर पडून होता. असंच बोलणं कधी कधी विहारातही कानावर येतं. पाचवं शील मोडलं, त्याला आत घेऊ नका. शील ज्याचं त्याने पाळायचं असतं, दुसऱ्याला हाणायला ते दिलेलं नाही, असं आमचं मत आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं. त्याला हा आजार कशाने झाला याची चौकशी त्यांनी आधी केली नाही.

उपचार आहेत, आणि सरकारी केंद्रात फुकट आहेत. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज नर्ससमोर घ्यायची, म्हणजे सुईची तलफ आवरते. हिपॅटायटिस-सी बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. पोलिसांची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ, नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याबद्दल पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र पुरे करावे लागतात. फोन दोन: व्यसनासाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७. आईनेही फोन केला तरी चालतो.

आता कचरा वेचणाऱ्या आणि सफाई करणाऱ्या आपल्या बायांसाठी. दवाखान्याची असो की गर्दुल्ल्याची, सुई शेवटी त्यांच्याच हाताला लागते. सुई टोचली तर जखम पिळू नका, चोखू नका, हळद लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तडक मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीची लागण टाळायची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी दिली तर २८ दिवस घ्यायची. घरात साखरेसाठी इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' असं लिहा आणि ती बाटली दवाखान्यात नेऊन द्या.