पॉवर स्टिअरिंग : हाताला दिलेल्या बळाचा मागोवा

मोटारगाडीचे स्टिअरिंग गाडी उभी असताना सर्वांत जड लागते, कारण इंजिनाचे वजन बहुधा पुढच्या चाकांवर असते आणि चाक गडगडत नसल्यामुळे टायरचा जमिनीला टेकलेला भाग रस्त्यावर घासत वळवावा लागतो. १९२०च्या दशकात रुंद आणि कमी हवेचे टायर रूढ झाले, ट्रकही वजनदार होत गेले आणि ही अडचण वाढली. तिच्यावर प्रचलित उपाय होता तो स्टिअरिंगच्या गिअरचे गुणोत्तर वाढवण्याचा, म्हणजे चाके तेवढीच वळवण्यासाठी स्टिअरिंगला अधिक फेरे द्यावे लागतील अशी रचना करण्याचा. त्याने हाताचा जोर वाचे, पण समोरचा अडथळा चुकवण्यास लागणारा वेळ वाढे.

अमेरिकेतील पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६मध्ये त्याच कंपनीच्या एका गाडीत तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवून दाखवले. तेल कायम मोठ्या दाबाखाली कोंडून ठेवले की गळती होते, हे ओळखून त्यांनी झडप एरवी उघडी ठेवली. त्यामुळे तेल कमी दाबाने सतत खेळत राही आणि स्टिअरिंग वळवले तरच दाब वाढे. त्यांच्या रचनेत दोन तत्त्वे होती : मदत चालकाने लावलेल्या जोराच्या प्रमाणात मिळावी, आणि ती बंद पडली तरी स्टिअरिंग व चाके यांची यांत्रिक जोडणी शाबूत राहावी. पुढील संपूर्ण इतिहास या दोन तत्त्वांचे काय झाले याचाच आहे.

जनरल मोटर्सने डेव्हिस यांच्याशी करार केला. परंतु महामंदीच्या काळात हा खर्च परवडणारा नाही असे ठरून तो १९३४मध्ये संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती लष्करी वाहनांना ही यंत्रणा लावली गेली व तिची उपयुक्तता सिद्ध झाली. १९५१मध्ये क्रायस्लरने मुदत संपलेल्या डेव्हिस-पेटंटांच्या आधारे आपल्या इम्पीरियल गाडीत ती आणली, आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सही या स्पर्धेत उतरली.

नंतर सर्वत्र रुळलेल्या रचनेत इंजिनावरच्या पट्ट्याने फिरणारा पंप तेल पुरवतो, तर स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाशी टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसू शकेल अशी बारीक पोलादी सळई, असते. चाके विरोध करतात तेव्हा या सळईला काही अंशांचा पीळ बसतो आणि तेवढ्यानेच तिच्याभोवतालच्या झडपेच्या खाचा सरकून तेल रॅकवरील, म्हणजे चाके ढकलणाऱ्या दातेरी दांडीवरील, दट्ट्याच्या एका बाजूस जाते. चाके वळली की पीळ सुटतो आणि झडप पुन्हा मध्यावर येते. स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन धरले असता येणारा कण्हल्यासारखा आवाज हा दाब मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सुटकेची झडप उघडल्याचा असतो.

या मदतीचा अतिरेकही झाला. अनेक अमेरिकी गाड्यांचे स्टिअरिंग इतके हलके झाले की रस्त्याचा अंदाजच हाताला येईना. सित्रोएनच्या १९७०च्या एसएम गाडीत वेग वाढेल तसे स्टिअरिंग जड होत जाई, ते या दोषावरचेच उत्तर होते. शिवाय पंप सरळ रस्त्यावरही फिरत राहून इंधन खाई, आणि हा भार छोट्या इंजिनाला विशेष जाणवे. म्हणूनच १९८८मध्ये विजेच्या मोटारीवर चालणारे स्टिअरिंग पहिल्यांदा आले ते सुझुकीच्या सर्व्हो या ५४७ सीसीच्या चिमुकल्या गाडीत. त्यात पिळाचे मापन संवेदक करतो, संगणक वेग पाहून मदत ठरवतो आणि मोटार गरजेपुरतीच वीज घेते. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे आणि पुढे मारुती ८००चे स्टिअरिंग मनगटाच्या बळावर फिरवणाऱ्या भारतीय चालकांपर्यंत ही सोय वॅगन आरसारख्या छोट्या गाड्यांतून पोहोचली.

मोटार संगणकाच्या हाती आल्यावर चालकाने जोर न लावताही चाके वळवणे शक्य झाले, आणि गाडी आपोआप पार्क करणे वा मार्गिकेत राखणे त्यातूनच साधले. डेव्हिस यांचे पहिले तत्त्व येथे मागे पडले. दुसऱ्याला धक्का दिला तो केवळ विद्युत संकेतांवर चालणाऱ्या स्टिअरिंगने. २०१३च्या इन्फिनिटी क्यू५०मध्ये आणीबाणीसाठी यांत्रिक जोडणी राखलेली होती, तर २०२३च्या अखेरीस विक्रीस आलेल्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तीही नाही. तेथे सुरक्षेची भिस्त एकाच्या जोडीला दुसरी मोटार व दुसरा विद्युत पुरवठा ठेवण्यावर आहे, आणि हाताला जाणवणारा रस्त्याचा विरोधही एक मोटारच निर्माण करते. चालकाच्या बळाला जोड म्हणून सुरू झालेल्या या यंत्रणेला आता त्याच्या बळाची नव्हे, केवळ त्याच्या इराद्याची गरज उरली आहे.